बिनगणवेशाची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की म्हसवडच्या कापडदुकानांतून आणि आठवड्याच्या बाजारातून एक निराळीच गर्दी दिसू लागते. पोरे अकरावीला जाणार असतात. दहा वर्षे अंगाला चिकटलेला गणवेश एकदाचा सुटलेला असतो. आमच्या खाजगी संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणवेश नाही, आणि मार्कांपेक्षा याच गोष्टीचा आनंद मुलांना अधिक झालेला असतो, हे मी हजेरी घेता घेता ओळखून आहे.

पहिल्या दिवशी वर्ग म्हणजे सिद्धनाथाची यात्राच! कुणाच्या पाठीवर कोहलीचा अठरा नंबर, तर कुणाच्या छातीवर असा इंग्रजी मजकूर, की त्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही हे त्याचे आणि त्याच्या आईचेही सुदैव. मुली कुर्ती-लेगिंगमध्ये. माणदेशच्या उन्हापायी डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ असा आवळलेला, की एस.टी.तून उतरणारी लेक कुणाची हे बापालाही ओळखू येऊ नये. म्हसवडची घोंगडी एवढी नावाजलेली. सणगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पण ती पांघरून वर्गात येणारा पठ्ठ्या मला अजून भेटायचा आहे. थंडी पडली की सगळ्यांच्या अंगात जर्किन.

गंमत अशी, की हा रंगीबेरंगी मेळा महिनाभरही टिकत नाही. जुलै संपता संपता निम्म्या वर्गाच्या पायांत तीच काळी जीन्स आणि तेच पांढऱ्या तळव्याचे बूट येतात. गणवेश सुटला म्हणून ज्यांनी हुश्श केले, त्यांनीच आपला आपण दुसरा ठरवलेला असतो. फरक एवढाच, की याचे कापड संस्था ठरवत नाही आणि किंमत बापाला विचारून ठरत नाही.

तीन वर्षांपूर्वी असाच जुलै होता. मागच्या बाकावर एक मुलगा रोज पांढरा शर्ट आणि खाकी पँट घालून बसे. हायस्कूलचा गणवेशच तो. खिशावर बिल्ला उसवल्याची दोऱ्याची टोके तशीच होती. मला विनोद करण्याची खोड आहे. मी म्हणालो, "काय रे, शाळा सुटली तरी शाळेचा शर्ट सुटला नाही वाटतं?" वर्ग खो खो हसला. तोही हसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर आठवडाभर नाही.

त्याच्या वाडीवरच्या एका मुलीकडे चौकशी केली. तिने सांगितले, की त्याचे आईबाप मेंढरांमागे असतात आणि तो आजीपाशी राहतो. मी निरोप धाडला. आल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हटले, "माझं चुकलं बाबा."

तोच ओशाळला. म्हणाला, "न्हाई सर, दुसरा शर्ट हाय की. पर त्यो यात्रेला ठेवलाय."

त्याच आठवड्यात मी आगरकर शिकवीत होतो. आगरकर आपल्याच जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. जन्म १८५६ चा. कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी अंगात घालीत, ही आख्यायिका मी दरवर्षी गळा दाटून सांगतो. मुलेही गंभीर होतात. त्या वर्षी मात्र ती गोष्ट माझ्याच्याने सांगवली नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सदऱ्याने माझा गळा दाटतो आणि तिसऱ्या बाकामागच्या एका सदऱ्यावर मी विनोद करतो!

मग शिक्षकांच्या बैठकीत मीच विषय काढला, की अकरावी-बारावीलाही गणवेश करावा. मला वाटले, झाकली जाईल सगळ्यांची परिस्थिती. गणवेशाचा इतिहासही तसाच आहे. लंडनला १५५२ साली निघालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत गोरगरिबांच्या मुलांना निळे लांब झगे देत. म्हणजे तिथे हा कपडा मुळात धर्मादायाचा. फ्रान्समध्ये सरकारी शाळांना गणवेश नसतो. तिथेही २०२४ साली शंभरेक शाळांतून तो घालून पाहायचा प्रयोग हाती घेतला गेला. कपड्यावरून होणारी पारख थांबावी, हे त्याचे एक कारण.

बैठकीत ठरले, की मुलांनाच चिठ्ठ्या लिहायला सांगाव्यात. नावे घालायची नव्हती.

बहुतेकांनी 'नको' लिहिले. एका मुलीने चांगला पाऊण पान हिशेब मांडला होता. आपल्याकडे सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गणवेश फुकट मिळतो तो आठवीपर्यंत, मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत फुकट आहे, कपडा नाही. गणवेशाचे दोन जोड शिवायचे तर कापड, शिलाई मिळून जे पैसे जातील, त्यात बाजारात तीन ड्रेस येतात. आणि ते लग्नाला, गावाला, कुठेही चालतात. गणवेश घालून लग्नाला कसे जायचे? एवढा व्यवहार मला माझ्या एम.ए.ने शिकवला नव्हता.

एका चिठ्ठीवरचे अक्षर मी ओळखले. निबंधाच्या वह्या तपासून अक्षरे पाठ होतात. त्यात दोनच ओळी होत्या: "गणवेश करा, पण दोन द्या. एकच असला की पावसाळ्यात ओला घालावा लागतो आणि तो सगळ्यांना दिसतो."

ती चिठ्ठी मी बैठकीत वाचून दाखवली, लिहिणाऱ्याचे नाव न घेता. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग खर्चाचे कसे करायचे यावर बोलणे सुरू झाले आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. त्यानंतर पुष्कळ बैठका झाल्या. ठराव अजून पुढेच आहे.

त्या वर्षी मार्गशीर्ष प्रतिपदेला रथाच्या गर्दीत तो मुलगा अचानक समोर आला. अंगात राखून ठेवलेला तो शर्ट, रंग आकाशी असावा. खांद्यांपासून खाली तो गुलालाने असा माखला होता, की धुतला तरी पुन्हा आकाशी होणार नव्हता. "सर, खोबरं घ्या," म्हणून त्याने माझ्या हातावर दोन तुकडे ठेवले आणि गर्दीत घुसला.

यात्रा आटोपून वर्ग सुरू झाले, तेव्हा तो पांढऱ्या शर्टातच आला होता. मी हजेरी घेतली आणि धडा काढला.