कोंडी मागे सरकते, ती दाखवायची कशी

माजिवडा नाक्यावर घोडबंदर रोड आणि मुंबई-नाशिक महामार्ग एकत्र येतात. संध्याकाळी तिथे अडकलेल्या प्रत्येकाला वाटतं, पुढे काहीतरी झालंय. दोन रस्त्यांची गर्दी आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे ही कारणं खरीच. पण पुष्कळदा तासभर रेटून पुढे गेलं की रस्ता मोकळा असतो आणि कारण कुठेच दिसत नाही.

जपानी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्येच वळणारी रिक्षा नाही. सगळ्यांनी एकाच वेगाने चालवायचं. थोड्या वेळात एकजण किंचित मंदावला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि कोंडी तयार झाली. गाड्या पुढे जात राहिल्या, कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत गेली.

हे नुसतं वाचून डोळ्यांपुढे येत नाही. तेच २२ ठिपक्यांत काढा, थांबलेला ठिपका लाल करा. लाल पट्टा उलट्या दिशेने चालायला लागतो आणि आठवीतलं पोरही ‘अरे हो!’ म्हणतं. समजावणाऱ्या अॅनिमेशनचं सगळं बळ इथे आहे.

या कामात पहिली मेहनत खोडण्याची. इमारती, झाडं, ड्रायव्हरचे चेहरे, सगळं काढून टाकायचं. मग संहिता, कच्च्या आवाजातलं निवेदन, त्या आवाजाखाली स्टोरीबोर्डची स्थिर चित्रं लावून केलेला अॅनिमॅटिक. चूक इथेच पकडावी, पुढे ती महागात पडते. त्यानंतर हालचाल. आपल्या ठिपक्यांत प्रत्येक मागच्या ठिपक्याची ब्रेकची कीफ्रेम, म्हणजे त्याचा वेग बदलतो ती खुणेची फ्रेम, पाच-सहा फ्रेम उशिरा ठेवावी लागते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हा उशीर पाव सेकंदाच्या आत आला. तो ठेवला नाही तर सगळे ठिपके एकदम थांबतात आणि कोंडीचं कारणच पडद्यावरून गायब होतं.

बाजारातले कितीतरी व्हिडिओ मला याच कारणासाठी खटकतात. निवेदक सगळं सांगतो आणि चित्रात डोक्यावर बल्ब पेटलेला माणूस हात हलवतो. आवाज बंद करून बघा. काही कळलं नाही तर ते अॅनिमेशन नव्हे, शब्दांची सजावट.

आपल्याकडे हलत्या चित्रातूनच समजावण्याची वाट दादासाहेब फाळक्यांनी दाखवली. १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या आधी, त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोड्या थोड्या अंतराने टिपलं. ‘अंकुराची वाढ’ हा पट जेमतेम मिनिटभराचा. त्यात चित्रं काढलेली नाहीत, पण सूत्र तेच: डोळ्याला न दिसणारा वेग डोळ्याच्या आवाक्यात आणायचा. त्या चित्रपटाला कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला तो याच रोपामुळे.

पुढे १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला आणि सरकारी आकडेही पडद्यावर हलू लागले. पण घराघरात पोचला तो १९७४चा ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शिका मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, अॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. सात मिनिटांचा हा लघुपट बघताना मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती त्यातली लहान मुलाची शंका: अनेक म्हणजे काय? प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न संहितेत आधीच बसवलेला आहे. त्या मुलाची ताई व्याख्या सांगत बसत नाही. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक असं दाखवते, आणि मगच जाळ्यासकट उडणाऱ्या चिमण्यांच्या गोष्टीकडे वळते.