त्याचं ‘नको’ कुणाला कळतं?

‘आमच्या पश्चात याचं कोण बघणार?’ बौद्धिक दिव्यांग मुलामुलींच्या आईवडिलांशी बोलताना हा प्रश्न येतोच; कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. पूर्वी ज्यांना आपण मतिमंद म्हणत असू, त्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १५ लाख नोंदली गेली. एकत्र कुटुंबात काका-काकू, आत्या असे चार हात मदतीला असायचे. आता थोरली बेंगळूरला, धाकटा पुण्याला आणि घरी सत्तरीचे आईवडील अन् चाळिशीचं ‘बाळ’! मग निवासी संस्थेचा विचार सुरू होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण संस्था चांगली आहे हे ओळखायचं कसं?

महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी अशा संस्थांमध्ये बऱ्याचदा गेले आहे. पालक सहसा पाहतात इमारत, फरशी, बाग आणि देणगीदारांच्या पाट्या. माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळीच आहे. तिथे राहणाऱ्याचं ‘नको’ तिथल्या कुणाला कळतं का?

महाराष्ट्रातल्या एका संस्थेत बेळगावकडचा, पस्तिशीचा एक जण भेटला. त्याच्या घरी आई मराठी, आजी कन्नड. त्याच्या मोजक्या शब्दांत दोन्ही भाषांची सरमिसळ. पाणी मराठीत मागायचा, नकार मात्र आजीचा, ‘ब्याड’. ताटावर बसला की तो ‘ब्याड, ब्याड’ म्हणे. सेविकेला ऐकू येई ‘बेड’, आणि ती त्याला उठवून खाटेवर निजवी. तो हात झटकायचा. वहीत नोंद व्हायची, ‘आक्रमक’. आमच्यातल्या एका कन्नड विद्यार्थिनीने त्याला विचारलं, ‘एल्लि नोवु?’ कुठे दुखतं? त्याने गालावर बोट ठेवलं. दाढ किडली होती. ती सेविका वाईट नव्हती. तिच्या एकटीवर वीस जण सोपवलेले होते आणि त्याची भाषा तिला कुणी सांगितलीच नव्हती.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही, प्रकृतीचाही आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. गोळी एक दिवसही चुकून चालत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइडचा त्रास बऱ्याचदा होतो आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. दात, कान, बद्धकोष्ठता ही दुखणी सांगता आली नाहीत, की आदळआपटीतून बाहेर पडतात. अशा वेळी दुखणं शोधण्यापेक्षा गुंगीचं औषध देणं सोपं असतं. चांगल्या आणि वाईट संस्थेतला फरक इथेच कळतो.

हेळसांड कोणत्या थराला जाते तेही आपण पाहिलं आहे. पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका खासगी बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. दिल्लीच्या ‘आशा किरण’ या सरकारी निवासगृहात जुलै २०२४ या एकाच महिन्यात १४ जण दगावल्याचं समोर आलं. एक संस्था खासगी, दुसरी सरकारी. म्हणजे नुसत्या पाटीवर विसंबून चालणार नाही.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको. छळ होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचं झालं, की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हा अर्ज आपण हातीपायी धड असतानाच करावा. आपल्यामागे भावंडांपैकी कोण पालकत्व घेणार, तेही आताच बोलून ठेवावं.

संस्था पाहायला एकदा न कळवता, संध्याकाळी जा. रात्री किती जणांमागे किती सेवक असतात ते विचारा. औषधांची नोंदवही मागा. प्रत्येकाला स्वतःचे कपडे, स्वतःची पेटी आहे का, की सगळं सामाईक? आंघोळीला आज नको म्हटलं तर चालतं का? उत्तर देणारा चिडला, तर तेही उत्तरच समजा.

आणि एक काम घरी बसून करण्याजोगं आहे. एक वही घ्या. मूल वापरतं तो प्रत्येक शब्द, खूण, आवाज आणि त्याचा अर्थ त्यात लिहा. एका पानावर मराठीत, समोरच्या पानावर कन्नडमध्ये. ‘साक’ म्हणजे पुरे, कान ओढला म्हणजे डोकं दुखतं, पंखा बंद केला तर झोप नाही. आवडीनिवडी, औषधं, भीती, सारं त्यात येऊ द्या. एक प्रत संस्थेत, एक भावंडांकडे. आईच्या डोक्यात असलेला हा शब्दकोश दुसऱ्या कुणाकडेही नसतो. तो कागदावर उतरला, तर आपल्या पश्चातही त्याचं ‘नको’ कुणाला तरी कळेल.