विजेची सायकल आणि व्यायाम

दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाचे स्नायू दुर्बळ झालेले असतात आणि सक्तीच्या विश्रांतीने कित्येकदा वजनही वाढते. व्यायाम तर हवा. पण साध्या सायकलीवर चढ आला की धाप लागते व उत्साह मावळतो. अशा माणसास विजेची सायकल उपयोगी पडते. मात्र ती पारखून घ्यावी लागते.

काही सायकलींत मूठ पिळताच मोटार चाक फिरविते आणि स्वार नुसता बसून राहतो. इतर सायकलींत पायडल मारले तरच मोटार साहाय्य करते. व्यायामाकरिता या दुसऱ्या प्रकारचीच निवड करावी. त्यांतही पायाचा दाब ओळखून त्या प्रमाणात जोर पुरविणारी सायकल अधिक चांगली. तीत पायांना आळस करता येत नाही.

साहाय्य कमीजास्त करण्याची सोय असावी, मधला दांडा खाली असावा आणि ब्रेक खात्रीचे असावेत. मोटार व बॅटरी यांमुळे सायकलीचे वजन बहुधा २० किलोच्या घरात जाते. म्हणून ती आपणांस उचलता येते की नाही, तेही पाहावे.

डॉक्टरांच्या संमतीने प्रारंभी अधिक साहाय्य घ्यावे व अंगात शक्ती येईल तसतसे ते कमी करीत जावे. वजन उतरते ते स्वाराच्या श्रमाने आणि मिताहाराने. मोटारीच्या बळाने नव्हे.