टोला पॅडवर, आवाज संगणकात

इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पॅडला स्वतःचा असा आवाज नसतो. रबराच्या किंवा जाळीच्या पडद्याखाली पिझो जातीची एक पातळ चकती असते. टोला बसला की ती किंचित दबते आणि तिच्यात क्षणभर वीजदाब निर्माण होतो. स्फटिकांचा हा गुण प्येर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. हा वीजदाब मोजून किटचा मेंदू, म्हणजे मॉड्यूल, दोन आकडे काढतो: कोणते पॅड वाजले आणि किती जोरात. जोर १ ते १२७ या मोजपट्टीवर बसवला जातो. १९८३ पासून रूढ असलेल्या ‘मिडी’ या भाषेत हा निरोप पाठवायला मिलिसेकंदभरही लागत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टापॅड १९८५ चा. त्यातही आवाज नव्हता. तो बाहेरच्या यंत्राला नुसते आकडे पुरवी. पुढच्या ऑक्टापॅडांत आवाज आतच आले आणि ऑर्केस्ट्रा, हळदी, मिरवणुकीतल्या बेंजो पार्ट्या यांत ते वाद्य पक्के रुजले. आज वाशी-खारघरच्या फ्लॅटमध्ये किट यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडणारा वादक पुन्हा त्याच पहिल्या वाटेवर असतो. फरक एवढाच, की बाहेरचे यंत्र आता एक सॉफ्टवेअर असते.

सुपीरियर ड्रमर, अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रण साठवलेले असते. एकच स्नेअर हलक्यापासून जोरकस टोल्यापर्यंत अनेक पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीवर पुन्हापुन्हा वाजवून घेतात. लागोपाठचे टोले तंतोतंत सारखे ऐकू आले तर कान लगेच फसवणूक ओळखतो. म्हणून सॉफ्टवेअर दर वेळी वेगळा नमुना काढते.

खरी अडचण विलंबाची. संगणक आवाज थेंबाथेंबाने नव्हे, घागरीने ओततो. त्या घागरीला ‘बफर’ म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १२८ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, १०२४ चा भरायला २३. हवेत आवाज मीटरभर अंतर ३ मिलिसेकंदांत कापतो, त्यामुळे पहिला विलंब जाणवत नाही; दुसऱ्याने मात्र हात लयीतून सुटतो. बफर फार लहान ठेवला तर संगणकाची दमछाक होऊन आवाज तडतडतो. विंडोजवर ‘असिओ’ ड्रायव्हर आणि साधा वायरचा हेडफोन यांनी बरेच काम भागते. ब्लूटूथ हेडफोन मात्र इथे बादच. त्याचा विलंब बहुधा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो.

हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुटले, असेही नाही. निवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि पॅडचा टपटपाट खोलीतच विरतो; पण किक पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. किटखाली जाड रबर किंवा दुहेरी फळी घालावी लागते.

या आकड्यांच्या भाषेची मर्यादा देशी तालवाद्यांत उघडी पडते. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या घिश्शात टोला पडल्यानंतरही स्वर बदलत राहतो. पॅडने पाठवलेला जोराचा आकडा तोवर केव्हाच निघून गेलेला असतो. घिस्सा आयता मुद्रित करून वेगळ्या पॅडवर बसवणे, हाच तूर्त सोपा तोडगा आहे, आणि तो दर वेळी तसाच वाजतो.