गच्चीवरील वीज आणि तिचा भाव

चंद्रपूर शहरास ऊन आणि कोळसा या दोहोंचीही वाण नाहीं. ऊर्जानगरचें औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचें आहे, आणि मे महिन्यांत पारा ४६ अंशांपलीकडे जाणें येथें नवलाचें नाहीं. अशा गांवीं गच्चीवर सौर पॅनेलें बसविण्याचा विचार घरोघर चालावा, हें साहजिकच होय. परंतु त्यांत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : वीज किती निर्माण होईल? दुपारीं घरांत न खपलेली वीज कंपनीच्या तारांवर गेली, म्हणजे तिचा हिशेब कोणत्या भावानें होतो, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो.

समजा, ३ किलोवॉटच्या संचापासून महिन्यास ३६० युनिटें मिळालीं. माणसें कचेरींत व मुलें शाळेंत असल्यामुळें दिवसां १२० युनिटेंच खपलीं. उरलेलीं २४० बाहेर गेलीं. रात्रीं कूलर, पंखे व दिवे यांसाठीं २०० युनिटें बाहेरून घ्यावीं लागलीं. सोयीसाठीं घरगुती दर १० रुपये धरूं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं लागू केलेल्या व २०१९ सालीं नव्यानें बांधलेल्या नेट मीटरिंगच्या नियमांप्रमाणें दिलेलें युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतें. म्हणजे ३२० युनिटांचे ३२०० रुपये वांचले, आणि ४० युनिटें पुढील महिन्यास जमा राहिलीं. याऐवजीं बाहेर जाणारी वीज कंपनीनें ३ रुपयांनीं घ्यावी व रात्रीची १० रुपयांनीं द्यावी असें ठरलें, तर लाभ १२०० अधिक ७२०, म्हणजे १९२० रुपयेच. ऊन तेंच, पॅनेलें तींच. फरक काय तो खतावणीचा!

जर्मनीनें २००० सालच्या कायद्यानें अगदीं उलट टोंक गांठलें होतें. तारांवर दिलेल्या सौर विजेस बाजारभावाहून पुष्कळ चढा दर वीस वर्षांपुरता बांधून दिला. पुढें पॅनेलें स्वस्त झालीं, तसा नव्या ग्राहकांचा दर उतरत गेला. आतां तेथील गृहस्थ आपली वीज विकण्यापेक्षां घरींच वापरण्याची खटपट करतो.

आपल्याकडील नियमांत चंद्रपूरकरांनीं विशेष जपावें असें एक कलम आहे. जमा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो, आणि त्या दिवशींच्या शिल्लकेस ग्राहकाचा दर न मिळतां आयोगानें ठरविलेला बराच कमी दर मिळतो. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असतें आणि कूलर बंद असतात, म्हणून शिल्लक सांचते ती त्याच काळांत. ती मिटते, आणि एप्रिलमध्यें कूलर सुरू होतात! शिवाय पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांवर मोजलेली त्याची शक्ति दर अंशामागें शेंकडा ०.३ ते ०.४ घटते, तापून ६५ अंशांवर गेलेलें पॅनेल शेंकडा १२ ते १६ वीज गमावतें. म्हणून संच घेतांना मेचें बिल नव्हे, तर बाराही महिन्यांचीं बिलें पुढें ठेवावीं. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंतील केंद्राचें अनुदानही ३ किलोवॉटपुढें वाढत नाहीं. ७८,००० रुपयांवर तें थांबतें.

वितरण कंपनीचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. दुपारीं सौर वीज मुबलक असते, संध्याकाळची वीज महाग पडते, आणि खांब-तारांचा खर्च पॅनेलें नसलेल्या घरांवरही पडतो. दुपारची जमा दुपारच्याच वापरांतून वजा करावी, अशी सूचना २०२५ सालीं राज्यांत चर्चेस आली, ती यामुळेंच. वरील कुटुंबास तो नियम लागला असता, तर रात्रीच्या २०० युनिटांचें पुरें बिल भरावें लागलें असतें.

१९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत मात्र भावाआधीं दुसरीच अडचण उभी राहते. अहेरी-भामरागडकडील तारा दाट जंगलांतून जातात. वादळांत झाड पडून पुरवठा तुटला, कीं तारांशीं जोडलेला साधा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो; तारांवर काम करणाऱ्या माणसास विजेचा धक्का बसूं नये, यासाठींच ती योजना असते. मग माथ्यावर ऊन तळपत असतांही घरांतील पंखा थांबतो. तेथें बॅटरीवर चालूं शकणारा इन्व्हर्टरच घ्यावा लागतो, आणि त्याचा वाढीव खर्च कोणत्याही नेट मीटरिंगनें भरून निघत नाहीं.