डिस्क रुसलीय, गेलेली नाही

‘लिनक्सवर हार्ड डिस्क उघडत नाही, उडाली बहुतेक. फॉरमॅट मारू का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता उत्तराआधी ओरडच निघते. नका मारू!

मागच्या आठवड्यात मेहुण्याचा फोन. लग्नाचे फोटो असलेली डिस्क त्याने विंडोजमधून सरळ उपटली आणि लिनक्सला लावली. स्क्रीनवर उमटलं : ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’. हे वाचून कोणाचाही धीर सुटेल. पण हे माउंटचं ठरलेलं पालुपद आहे. त्याच्याच शेपटाला ‘ऑर अदर एरर’ असतं, तिथवर कोणी वाचत नाही. खरं कारण कर्नलच्या नोंदीत सापडतं. त्याला टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेग’ द्यायला सांगितलं. तळाची ओळ : ‘व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट’.

इथे डर्टी म्हणजे खराब नव्हे. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम असलेल्या डिस्कवर लिहिणं सुरू झालं की तिच्यावर एक खूण पडते आणि नीट इजेक्ट केली की ती पुसली जाते. वायर ओढली तर खूण तशीच राहते. २०२१मध्ये, ५.१५ आवृत्तीपासून, कर्नलमध्ये आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी डिस्क लिहिण्यासाठी उघडायला नकार देतो. जुना एनटीएफएस-३जी याबाबत सैल होता, म्हणून तर ‘आधी चालायची की!’ हा गळा काढला जातो.

मग करायचं काय? डिस्क आधी फक्त वाचण्यापुरती, म्हणजे रीड-ओन्ली माउंट करा आणि हवं ते उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर, विंडोजच्या चेकडिस्कने, ‘एफ’ पर्याय लावून. ‘एनटीएफएसफिक्स चालवलं की झालं’ हेही चूक. हे लिनक्सचं चेकडिस्क नव्हे, असं त्याचं मॅन्युअलच सांगतं. ते मोजके मूलभूत दोष सुधारतं, जर्नल कोरं करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर ढकलतं. मात्र डीमेसेगमध्ये ‘आय/ओ एरर’च्या रांगा असतील किंवा डिस्क टकटक वाजत असेल, तर दुखणं वेगळं आहे.

डिस्क सरळ उपटण्यासाठीच्या सबबीही ठरलेल्या. ‘कॉपीची पट्टी भरली, आता काढायला हरकत नाही.’ आहे! डेटा अजून रॅममध्ये असू शकतो. तो ३० सेकंद जुना झाल्यावर लिहायला घ्यायचा, अशी कर्नलची मूळ सेटिंग असते.

‘विंडोज १० नंतर इजेक्ट लागत नाही.’ १८०९ आवृत्तीपासून तिथे क्विक रिमूव्हल आलं, पण लिहिणं चालू असताना तिथेही उपटायची नसते. लिनक्सचा तर त्याच्याशी संबंधच नाही.

‘लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमला जर्नल असतं, उपटली तरी चालतं.’ ते फाइल सिस्टिमचा सांगाडा सांभाळतं, तुमची अर्धवट कॉपी झालेली फाइल नव्हे.

मेहुण्याचे फोटो निघाले, सगळे. डिस्क घ्यायला आला तेव्हा बोलता बोलता त्याने ती माझ्या लॅपटॉपमधून सरळ ओढली. रीड-ओन्ली होती म्हणून निभावलं.