कुऱ्हाडीचा दांडा धरणारे हात

श्रोतेहो, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. आम्ही मास्तर मंडळी आजही मुलांकडून तिचा वाक्यात उपयोग करून घेतो. या म्हणीत कुऱ्हाड आहे, दांडा आहे, दांड्याचे गोतही आहे. फक्त दांडा धरणारा माणूस तेवढा नाही. आज त्या माणसाविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

आपल्या भागात झाडतोडीचे काम दोन तऱ्हेने चालते. नांदेड जिल्ह्यात जंगल म्हटले की किनवट आणि माहूर. तिथला सागवान प्रसिद्धच आहे. गोंड, कोलाम, आंध ही मंडळी त्या रानाच्या आसऱ्याने राहत आली. वनखाते तोडीसाठी रानाचा जो तुकडा आखून देते त्याला कूप म्हणतात. कुपात खुणेचा शिक्का बसलेल्या झाडालाच हात लावायचा, असा नियम असतो. लातूरकडे मात्र जंगल नावालाच. इथे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, वाड्यामागचा लिंब, विहिरीकडेची चिंच, नाही तर रस्ता रुंद होताना आडवे आलेले एखादे वडाचे झाड. ही झाडे तोडणारा माणूस कोणी निराळा कारागीर नसतो, तो आपल्याच गावचा शेतमजूर असतो.

त्याचे वर्ष कसे जाते पाहा. पावसाळ्यात निंदणी-खुरपणी. पुढे सोयाबीनची काढणी. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, जळकोटकडच्या कित्येक टोळ्या कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जे गावी राहतात ते सुगी सरली की झाडतोडीला लागतात, कारण रान मोकळे असल्याशिवाय झाड पाडता येत नाही. म्हणजे हे काम नेमके फाल्गुन-चैत्र-वैशाखात येते, जेव्हा आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर चढलेला असतो. आणि गंमत अशी की मृगाचा पाऊस पडला की वृक्षारोपणाचे खड्डे खणायलाही हेच हात लागतात. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला गेला, तेव्हा व्यासपीठावर कोण होते हे छायाचित्रांत दिसते. खड्डे मात्र मजुरांनी खणले.

आता तुम्ही म्हणाल, झाड तोडण्यात काय शिकायचे आहे? अंगात जोर असला म्हणजे झाले! मीसुद्धा असेच समजत होतो. काही वर्षांमागे आमच्या शेतातली विहिरीकडेची चिंच वाळली. चिंचेला वृक्षतोडीच्या 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तशी ती काढली आणि माणसे बोलावली. त्यांतला वडीलधारा माणूस आला आणि तासभर नुसता झाडाभोवती फिरत राहिला. खोडावर कुऱ्हाडीची तुंबी मारून आवाज ऐकला, शेंड्याकडे पाहिले, वारा पाहिला. मी म्हणालो, “मामा, सुरुवात कधी करायची?” तर म्हणाला, “सर, घाई तुमाला हाय, झाडाला न्हाई.”

त्या तासात तो काय पाहत होता ते मला पुढे कळले. झाडाचा कल कुठे आहे, कोणत्या अंगाच्या फांद्या जड आहेत, खोड आतून पोकळ आहे का, वर कुठे वाळकी फांदी अडकली आहे का, जवळून विजेची तार गेली आहे का, आणि झाड पडताना आपण कोणत्या वाटेने मागे सरायचे. एवढे ठरल्यावर ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला आधी खाच घेतात. ती खोडाच्या जाडीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल असते. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, करवत लावतात. पण करवत आरपार नेत नाहीत. मध्ये लाकडाची एक पट्टी, जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी, शिल्लक ठेवतात. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखे काम करते. तिच्यावर वळून झाड ठरल्या दिशेला जाते. पट्टी कापली गेली की झाड कुणाचेच ऐकत नाही.

शिक्षक बंधूंनो, आणखी एक गोष्ट पाहा. झाडाचा शेंडा कुठवर पोचेल हे ताडण्यासाठी मामाने एक काठी घेतली. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी ठेवली. मग तो एक डोळा मिटून मागे मागे सरकत गेला. मुठीशी बुंधा आणि काठीच्या टोकाशी शेंडा जुळला तिथे थांबला. सपाट रानात ती जागा बुंध्यापासून झाडाच्या उंचीइतकीच दूर असते. आपण नववी-दहावीत समरूप त्रिकोण शिकवतो, तोच हा सिद्धान्त! याच्या दुप्पट अंतराच्या आत बाईमाणूस, पोर, जनावर कोणी येऊ द्यायचे नाही, असा त्याचा दंडक होता.

मग इतके ज्ञान असलेल्या माणसाची गणना ‘अकुशल’ मजुरांत का होते? आणि अपघात तरी का होतात? याचे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले.

चिंचेचे काम रोजंदारीवर झाले होते. पुढच्या वर्षी दोन बाभळी काढायच्या होत्या. या वेळी मी एका गुत्तेदाराला काम गुत्त्याने दिले, वर घासाघीस करून पैसेही कमी केले. मला वाटले, आपण व्यवहार जाणतो. पण गुत्त्याचा अर्थ असा की काम जितके लवकर उरकेल तितका दिवस पदरात पडतो. पहिली टोळी तासभर झाडाभोवती फिरली होती, ही टोळी आल्याबरोबर झाडाला भिडली. पेट्रोलवर चालणारे कटर होते, वेळ आणखी वाचला. दोर बांधला नाही. वरची वाळकी फांदी सुटली आणि खाली ढाळे ओढणाऱ्या एका पोराच्या खांद्यावर आली. हाड मोडले. गुत्तेदाराने पहिल्या पट्टीचे पैसे दिले आणि पुढे तो दिसला नाही. त्या पोराचे नाव कोणत्याच हजेरीवर नव्हते. बाकीचा खर्च मी केला, पण त्याचे चार महिने मी परत देऊ शकलो नाही. कमी केलेले ते पैसे कुठून वाचले होते, हे मला त्या दिवशी उमगले.

कामावरच्या अपघाताला भरपाई मिळावी असा कायदा या देशात 1923 सालीच झाला. पण भरपाई मागायची तर कोणाच्या कामावर होतो हे सिद्ध करावे लागते, आणि गुत्त्यात नेमका तोच धागा तुटलेला असतो. शेतकऱ्यासाठी जी अपघाताची योजना आहे तिला सातबारा लागतो. ज्याच्या घरात कोणाच्याच नावे सातबारा नाही त्याने काय करावे?

आणि बायामाणसांचे तर नावच निघत नाही. ढाळे ओढणे, काट्या गोळा करणे, सरपणाच्या मोळ्या बांधून डोक्यावर वाहणे हे काम त्यांचे. बाभळीचा काटा पायात मोडला तर तो रात्री चिमणीच्या नाही तर बल्बच्या उजेडात सुईने काढायचा आणि सकाळी पुन्हा हजर.

तेव्हा ज्यांच्या शेतात झाड पडणार आहे त्यांना माझे सांगणे आहे. हे काम गुत्त्याने देऊ नका, रोजाने द्या. पाहायला आणि विचार करायला लागणारा वेळ हाही मजुरीचाच भाग माना. परवानगीचा कागद आधी हातात घ्या, नाही तर लाकडाची गाडी अडली म्हणजे भोगायला मजूरच पुढे होतो. कामावर कोण कोण आहे त्यांची नावे वहीत लिहा. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवा.

गुरुजनांनी एवढे करावे : अशा मजुरांची ई-श्रम नोंदणी झाली आहे का ते विचारावे, आणि मुलांना घेऊन एखादे दिवशी काठीने झाडाची उंची मोजावी. ती शिकवायला मामालाच बोलवावे.

आणि जे स्वतः हे काम करतात त्यांना एकच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते सोबत ठेवा. चमचा चहाचा घ्यावा. उन्हात कोणी बरळू लागला, अंग तापून घाम बंद झाला, तर त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मालक घाई करू लागला, तर मामाचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.